पेवाची किल्ली

हरिपुरात आण्णासाहेब चौगुल्यांची हळदीची पेवं होती, आणि नातवंडांना संस्कार पाजायची दांडगी हौस. कॉलेज सोडलेल्या नातीने, पद्मजाने, धंदा सांभाळायला पेवांची किल्ली मागितली, तेव्हा हमालांना जमिनीतलं एक खोल पेव उघडायला लावून ते म्हणाले, "आयत्या बिळावर नागोबा नको. घाम गाळून जो पेव जाणतो, त्याचीच किल्ली. उतर आत, आत्ताच."

पद्मजाने आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडला.

"घाबरलीस होय गं?"

कंदील विझला. हमाल चार पावलं मागे सरले.

"आण्णा, बंद पेवातली हवा जीव घेते. उघडल्यावर दिवसभर कुणी उतरत नाही, हे मला जन्मभर पेवात उतरणाऱ्या या मल्लूकाकांनी शिकवलं. चाळीस वर्षं किल्ली तुमच्या कमरेला आहे, तुम्ही कधी उतरलात?"

आण्णा धोतराचा सोगा चाचपत राहिले.

"मग तुमच्याच नियमाने किल्ली काकांची. द्या त्यांना."

म्हाताऱ्या मल्लू हमालाने खरंच हात पुढे केला. आण्णांनी घाईघाईने किल्ली पद्मजाच्या ओंजळीत टाकली. हमालापेक्षा नात बरी, एवढा संस्कार त्यांच्यापाशी नक्की होता.