गडखात्याचा पूल

"…मग बुवा, मी कारभारी आहे तरी कशाचा?"

सोमगिरी गोसाव्यांनी मान वर केली नाही. गुरूंच्या समाधीभोवतालचा ओटा ते शेणाने सारवत होते. हात सावकाश फिरत होता, मागे मागे सरकत.

निळोपंत थांबले. 

पालखी त्यांनी खाली महादरवाजाशीच ठेवली होती आणि चढ पायी चढून आले होते. साठी कधीच उलटली होती. छाती भात्यासारखी हालत होती. पण प्रश्न दमामुळे अडलेला नव्हता. तो गेला महिनाभर घशातच बसून होता आणि आता कुठे दमाबरोबर बाहेर पडला होता.

"आजोबांच्या वेळी गडखातं म्हणजे गडखातं होतं," ते म्हणाले. "तोफा, दारूचं कोठार, अंबरखाना, शिबंदी. संस्थानच्या कुठल्याही गडावर पान हललं तरी आमच्या कचेरीत कळायचं. मग कंपनी सरकारशी तह झाला. तोफा खाली गेल्या."

"हं."

"तोफा गेल्या, म्हणून दरबारानं खात्याला गडांखालचं रान दिलं. आम्ही गवताचे लिलाव केले. शिक्क्यावर तोफ, आणि शिक्का कशावर? तर पेंढ्यांवर!"

"गवत चांगलं होतं," बुवा म्हणाले. "माझी गाय अजून नाव काढते तुमचं."

"थट्टा नको, बुवा. पुढं रान दुसऱ्या खात्याकडं गेलं आणि आमच्याकडं कैदी आले. धान्याच्या अंबरखान्यात चोर कोंडले. मग शहरात नवा तुरुंग झाला, तेही गेले. मग साहेबलोकांना खालची हवा मानवेना, तर वर त्यांचा बंगला. त्यांना कोंबड्या कुणी पुरवायच्या? गडखात्यानं! न्यायशास्त्र शिकलेला माणूस मी. अंड्यांच्या टोपल्यांवर सही करत होतो."

"आणि आता?"

"आता रस्ते. आणि पूल."

पूल हा शब्द निळोपंतांनी असा उच्चारला, की कुणाला वाटावे, जिभेवर कडुलिंबाचा पाला ठेवला आहे.

"तांबी नदीवरचा. पावसाच्या आत खांब उभे राहिले पाहिजेत. खाणीतून नवा दगड काढून घडवायला वेळ नाही. इंजिनिअर गड पाहून गेला. म्हणाला, घडीव दगड हाताशी असताना खाण कशाला? दरबाराला पटलं. हुकूम झाला… खालचा तट उतरवा."

बुवांचा हात फिरतच होता.

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"तुम्हाला काय वाटतं ते सांगायला आला आहात ना? सांगा."

निळोपंतांनी उपरण्याने तोंड पुसले. खाली उतरत गेलेल्या तटाकडे पाहिले. लहानपणी वडिलांचे बोट धरून ते या तटावरून चालले होते. एका दगडाचा दुसऱ्या दगडात बसलेला सांधा दाखवून वडील म्हणत, "नख घालून दाखव." नख कधी गेले नव्हते.

"कारभाराची वस्त्रं मिळाली त्या दिवशी," ते म्हणाले, "इथंच, भैरवासमोर मी बेलभंडार उचलला. बेल आणि हळद हातात घेऊन बोललो, की गडाचा एक दगड हलू देणार नाही. आजोबा हेच बोलले होते. वडीलही हेच. खात्याचं काम दर पिढीला बदललं, माझ्या एकट्याच्या हयातीत किती बदललं. पण बोल तोच राहिला. जुनं असं तेवढं एकच उरलं आहे. तेही गेलं तर…"



खरे तर शास्त्रात वाट सापडत नव्हती असे नाही. फार वाटा सापडत होत्या. निळोपंतांचे दुखणे तेच होते. उतरवलेला दगड हलवला असे म्हणावे की नाही, इथपासून त्यांनी सुरुवात केली होती. प्रत्येक युक्तिवाद बिनतोड निघे, आणि तो सुचला की त्यांना स्वतःचीच लाज वाटे. इतके शिकलो ते पळवाटा शोधायला का, असे मनात येई. मग या लाजेवरही शंका येई.

"बुवा, कच्चा घडा भट्टीत घातला की भाजून लाल होतो. तो पहिलाच घडा असतो, की पहिला विरून नवा झालेला असतो? तार्किकांत यावर दोन पक्ष आहेत. तसंच माझं खातं. सगळं काम बदललं, तरी…"

"पाणी भरणारीला विचारलंत?"

"कुणाला?"

"घडा तिच्या डोक्यावर असतो."

 निळोपंतांना हसू आले आणि रागही आला. दोन्ही त्यांनी गिळले.

"मी ठरवलं आहे," ते म्हणाले. "उद्या दरबारात वस्त्रं परत करतो."

"मग तट राहील?"

"…नाही. माझ्या जागी फडणिसांचा भाचा येईल. त्यानं गड अजून पायथ्यावरूनसुद्धा पाहिलेला नाही. तो तटही पाडील आणि पूलही खाईल. दगड विकून मोकळा होईल."

"म्हणजे दगड हलणारच."

"पण माझ्या हातानं नाही!"

"हां…" बुवा म्हणाले. "हात स्वच्छ."

आणि त्यांनी स्वतःचे कोपरापर्यंत शेणाने माखलेले हात उलटसुलट करून पाहिले.

खाली दूर तांबी नदी चैत्राच्या उन्हात बारीक झाली होती. उताराची जागा वरून स्पष्ट दिसत होती. तिथे उपडी ठेवलेली नवी नाव होती.

"श्रावणात नाव बुडाली," बुवा म्हणाले, "तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"कचेरीत. संध्याकाळी कळलं. आमच्या शिपायाची बायको होती तिच्यात. मी त्याच्या घरी गेलो होतो… बोलता काही आलं नाही."

"मी इथं होतो."

बुवांनी बोट दाखवले नाही. पण निळोपंतांची नजर आपोआप तटाकडे गेली.

"इथून सगळं दिसतं. वारा नदीकडून असला की ऐकूही येतं. बाजाराचा दिवस. माणसं हाका मारत होती. कुणाला, ते कळत नव्हतं. मी तटावर उभा होतो."

"तुम्ही काय करणार होता, बुवा? एवढ्या उंचीवरून?"

"काही नाही." बुवांनी शेणाचे पाणी दगडावर निथळू दिले. "गडही जागच्या जागी होता, पंत. एक दगड हलला नव्हता."

…

 तटाखालच्या गवतातून एक सरडा बाहेर आला, मान हलवून परत गेला.

मग बुवा उठले. घागरीतल्या पाण्याने हात धुतले, झोपडीत गेले आणि येताना लोखंडी पहार घेऊन आले. सारवलेल्या ओट्यावर पाऊल ठेवून त्यांनी पहारेचे टोक समाधीच्या शिळेखाली घातले. काळी, लांबरुंद शिळा. रोजच्या स्नानाने आणि तेलाने ती इतकी गुळगुळीत झाली होती की वरचे आभाळ तिच्यात अंधूक दिसे.

"धर," बुवा म्हणाले.

वडील गेल्यापासून निळोपंतांना कुणी असे एकेरीत सांगितले नव्हते. ते पुढे झाले आणि मग त्यांच्या ध्यानात आले.

"बुवा! ही भवानगिरींची समाधी आहे!"

"हो."

"तुमचे गुरू!"

"पुलाचं आधीच कानावर आलं होतं. सकाळी एकट्यानं करून पाहिलं. हलत नाही. म्हणून सारवत बसलो. शेवटचं सारवून तरी घ्यावं."

 या माणसाच्या निष्ठेच्या गोष्टी संस्थानात लहान मुलांना सांगत. थंडी असो, ताप असो, या शिळेला स्नान घातल्यावाचून सोमगिरींनी तोंडात पाणी घेतले नव्हते. अर्धे आयुष्य त्यांनी या चार हात जागेत काढले होते.

"का पण? तट आहे ना. दगडांना तोटा नाही. हीच शिळा कशाला?"

"तटाचे दगड तुझे. तुझ्या बोलात बांधलेले. त्यांना हात कसा लावू? माझ्याकडं एवढाच आहे."

"गुरू काय म्हणतील?"

"म्हणून ठेवलंय त्यांनी. प्राण जाताना माझा हात धरून म्हणाले, सोम्या, मला इथून हलवू नकोस. मी म्हटलं, नाही हलवणार." बुवांनी पहार आणखी आत सारली. "शब्द देणारा तू एकटाच, असं समजत होतास काय?"

"म्हणजे तुम्ही शब्द मोडता आहात."

"मोडतो आहे."

त्यांनी ते अगदी साधेपणाने सांगितले. ना पळवाट, ना पूर्वपक्ष, ना उत्तरपक्ष. आणि तेव्हा निळोपंतांनी पाहिले, की पहारेवरचे त्यांचे हात कापत आहेत. आजवर त्यांना वाटत आले होते, की अशा माणसांना काही सोडताना यातना होत नसाव्यात. ते मनाशी ओशाळले. डोळे भरून आले, आणि डोक्याने सवयीप्रमाणे विचारले,

"याला प्रायश्चित्त काय, बुवा?"

"आहे की. जड आहे. धर."

निळोपंतांनी उपरणे कमरेला गुंडाळले. पहारेवर दोन्ही हात ठेवले. सही करून करून मऊ झालेले हात. दोन म्हाताऱ्यांनी भार टाकला. आधी काहीच झाले नाही. मग कुठूनतरी खोलातून सुस्कारा यावा तसा आवाज आला, आणि शिळा उचलली गेली. बुवांनी पायाने एक धोंडा सरकवून टेकण दिले.

खाली माती होती. ओलसर, साधी माती. पांढऱ्या मुळ्यांचे जाळे. उजेड पडताच एक गोम वळवळत सावलीत गेली.

आभाळ जागच्या जागी होते.

बुवा वाकले. कपाळ शिळेला नाही, त्या उघड्या मातीला लावले, आणि बराच वेळ तसेच राहिले. निळोपंत बाजूला उभे राहिले. हाताच्या तळव्यांना लोखंडाचा गंज लागला होता. तो त्यांनी पुसला नाही.

"उद्या गाडा पाठवतो," थोड्या वेळाने ते म्हणाले. "रेड्यांचा. मी स्वतः येतो बरोबर. उतारावर दोर बांधून उतरवायला लागेल, शिळेला कोपऱ्यावर टवका जाता कामा नये. तटाचे दगड वरच्या थरापासून काढायचे, सुरुंग लावू द्यायचा नाही. ते मी पाहीन."

आपलाच आवाज त्यांच्या कानी आला. खूप वर्षांनी त्यात शंका नव्हती. त्यांनी तो थांबवला नाही.

"आणि ही शिळा पुलाच्या कठड्यात बसवू. कोनाडा करू, वर छोटी छत्री. येणाऱ्याजाणाऱ्यानं हात जोडावेत."

"कोनाड्यात नको," बुवा म्हणाले.

"मग?"

"मधोमध. वाटेत."

"वाटेत? बुवा, लोकांचे पाय लागतील!"

"लागू देत."

"भवानगिरींवर पाय? नाही, नाही… एवढं तरी माझं ऐका. त्या जागी वहाणा काढून चालावं, अशी ताकीद देतो. पाटी लावतो. चौकीला माणूस ठेवतो. कुणी चुकणार नाही."

सोमगिरी शिळा होती तिथे, मातीवर, मांडी घालून बसले. नदीकडे पाहिले. मग निळोपंतांकडे.

"…आणि बैलांचे नाल कोण काढील, पंत?"