पांढरं रान

“…पण पाणी कमी पडलं नाही, तर मग जमीन मेली कशानं, बाबा?”

टेकडीवरच्या दर्ग्यात आल्यापासून भूपाल चौगुले खाली टेकला नव्हता. तिथल्या फकीर हयातबाबांनी दोनदा घोंगडी पुढं सरकवली. तो आपला ओट्यावर येरझाऱ्याच घालत होता.

नदीवरून पहिली पाइपलाइन त्यानंच आणली होती. तीस वर्षं मळ्यातला पाट कधी कोरडा पडला नाही. हत्ती हरवावा असा ऊस उभा राहायचा. आता त्याच बारा एकरांवर पांढरा थर चढला होता. गवताची काडी उगवत नव्हती.

तेवढ्यावर निभावतं तरी… परवा उताराखालची यल्लव्वा बांधावर येऊन उभी राहिली. तिचं दीड एकर रानही कडेकडेनं पांढरं पडत चाललं होतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली.

“पंचक्रोशीत माझ्याइतकं पाणी कुणी रानाला पाजलं नाही,” तो म्हणाला. “आणखी एक बोअर मारतो. दुआ तेवढी करा.”

“माती आणलीस?”

रुमालाची गाठ सोडून त्यानं मूठभर माती पुढं केली. बाबांनी पाहिलीसुद्धा नाही.

“चाख.”

“मी?”

“रान कुणाचं?”

चिमूटभर जिभेवर ठेवली, तसा त्याचा चेहरा पिळवटला.

“खारट! नुसतं मीठ…”

“कुणी टाकलं?”

“टाकतंय कोण? खाली जमिनीतच होतं.”

“मग वर कसं आलं?”

येरझाऱ्या घालणारे भूपालचे पाय थबकले.



“पाण्याबरोबर,” तो पुटपुटला.

जीभ चरचरत होती. त्यानं कोपऱ्यातल्या माठाकडं हात नेला. बाबांनी माठाच्या तोंडावर पंजा ठेवला.

“बाबा, घसा सुकलाय…”

पंजा हलला नाही.

टेकडीखाली पाण्याची मोटार घरघरत होती. त्याचीच. दिवसभर चालायची, पण आज पहिल्यांदा ती त्याला ऐकू आली.

त्यानं फोन काढला. मळ्यातल्या गड्याला एवढंच म्हणाला, “मोटार बंद कर.”

घरघर थांबली… भूपालला ती शांतता सोसवेना.

“पाणी तोडलं, बाबा. आता जमिनीला देऊ तरी काय?”

“तहान.”