सात जागांची गाडी

चालवणाराच गेला, तर सात जणांची गाडी कोणाची?

दादाच्या तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला मी हे विचारले. कोणी पाठीवरून हात फिरवला, कोणी म्हणाले, "आधी जेवून घे." गाडी दारात दिसली की मी मागच्या दाराने बाहेर पडत असे. म्हणून पुढच्या रविवारी घरात कोणालाही न सांगता मी ती काढली आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात नेऊन उभी केली.

त्या बाजारात तात्या नावाचे एक वृद्ध दलाल होते. मी त्यांच्याच हाताखाली धंदा शिकत होतो.

थोड्या वेळाने धान्याचा एक व्यापारी आला. दार सरकवून त्याने आत पाहिले. "मागची बाकं काढली की पोती छान बसतील. आत्ताच नेतो."

मी किल्ली पुढे केली. तात्यांनी ती मधल्यामध्ये घेतली आणि हात जोडले. "शेठ, घरच्यांना घेऊन या. मग बोलू."

"अहो, मला पोती न्यायची आहेत. पोत्यांना विचारून येऊ?" व्यापारी हसत निघून गेला.

मी भडकलो. "तात्या, चालून आलेलं गिऱ्हाईक घालवलंत! गाडी आमची, तुमचं काय जात होतं?"

तात्या रागावले नाहीत. पलीकडे एका लाल गाडीभोवती तरुणांची गर्दी होती, तिकडे त्यांनी बोट केले.

"ती एकट्यानं पाहिली तरी भुरळ पडते. ही एकट्याला डबाच वाटते. डौल नाही, वेग नाही. बाजारात माणूस एकटा येतो, म्हणून इथं हिचा भाव कायम पडलेला. हिची किंमत मागच्या बाकावर बसणाऱ्याला ठाऊक असते. असली गाडी मी एकट्या गिऱ्हाइकाला देत नाही, आणि एकट्या मालकाकडून घेतही नाही. घरी विचारलंस?"

मी मान खाली घातली.

"जयवंता, जागा एक रिकामी झाली. तू सातही विकायला काढल्यास."

त्यांनी किल्ली माझ्या खिशात टाकली.

घरी वहिनी दारातच उभ्या होत्या. "कुठं होतात, भाऊजी? गाडी दिसेना, तर धाकटी म्हणते, बाबांसारखी गाडीपण गेली."

"विकायला नेली होती."

त्यांनी गाडीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "सुतक फिटलंय. सगळ्यांना देवाला जाऊन यायचंय. तुम्ही नेता, की रिक्षा सांगू?"

आई बसली, वहिनी बसल्या, तिन्ही मुले आपापल्या जागी बसली.

दादा उंच होता. त्याने मागे लावलेली सीट हलवायला माझे मन धजले नव्हते. बाजारात जाता-येता मी सीटच्या कडेला टेकून, पाय ताणून ब्रेक दाबला होता. एवढी माणसे मागे बसवून तसे चालवता येत नाही. मी खाली वाकलो, खटका ओढला आणि सीट पुढे घेतली.