हरणमाळाचं कुंपण

एका राज्यात, राजधानीच्या उगवतीला, हरणमाळ नावाचं रान होतं. गुडघाभर गवत, मधोमध तळं, आणि गवतात उघड्यावरच अंडी घालणारी पाखरं. माळ सगळ्यांचा, म्हणून सगळेच तिथे जात. कुणी मेंढरं नेई, कुणी ढोल नेई, कुणी अख्खी वरात नेई. पायाखाली अंडी फुटत. माळाची राखणदारीण धुरपदा घसा फुटेस्तोवर ओरडे. पण ढोलापुढे तिचं कोण ऐकणार?

एके दिवशी राजा मेघकेतू माळावर गेला, तर वाटभर टरफलं. राजाला आला राग. त्याने कालदंत मांत्रिकाला बोलावलं आणि म्हणाला, "माळ बंद कर."

मांत्रिकाने मूठभर बोरीचे काटे उधळले. माळाभोवती तीन पुरुष उंच कुंपण उभं राहिलं. त्याचा काटा ज्याला टोचे, तो शंभर पावलं उलटा चाले, पाठ पुढे करून, आणि मगच थांबे. पहिल्या आठवड्यात अर्धं नगर उलटं चाललं. मग लोकांनी नाद सोडला. राखणीचं काम उरलं नाही, म्हणून धुरपदा वेशीपाशी टोपल्या विणत बसू लागली.

तीन वर्षं गेली. एका सकाळी कुंपणावरून एक टिटवी उडत आली आणि धुरपदाच्या अर्ध्या विणलेल्या टोपलीच्या काठावर बसली.

"धुरपदा, कुंपण रोज वीतभर आत सरकतंय. तळं गाळाने भरलं. घाणेरीच्या झुडपांनी गवत गिळलं. अजून एक पावसाळा, मग माळ नाही, नुसता काटाच."

"राजाला सांग की."

"राजाला पाखरांची बोली येत नाही. तुला येते."

धुरपदाने टोपली खाली ठेवली आणि कुंपण मोडायला सांगायला मांत्रिकाचा डोंगर चढली. कालदंत गुहेबाहेर उन्हात पापड वाळत घालत होता.

"शाप घालणं माझं काम, मोडणं दुसऱ्याचं," तो म्हणाला. "कामं तीन. माळावरून हजार माणसं चालव, अंडं एकही फुटता कामा नये. मग माळाला असं दार लाव, की ते कुलुपावाचून बंद राहील. आणि त्या दाराशी राजाला अडव. एक जरी काम चुकलं, तर तूच त्या कुंपणातला काटा होशील. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली.

पण आत जायचं कसं? ती कुंपणासमोर तासभर उभी राहिली. मग हसली, वळली, आणि पाठीनेच काट्याला टेकली. काटा टोचला. पावलं उलटी पडू लागली, आणि कुंपण चिरत ती शंभर पावलं थेट माळात गेली!

टिटवी पुढे, धुरपदा मागे. जिथे घरटं, तिथून दहा हात लांब धुरपदाने दगड मांडले. वाट तळ्याला वळसा घालत, मोराच्या मानेसारखी वाकत गेली. फाल्गुनात ती तशीच पाठमोरी बाहेर आली आणि तिने नगरात दवंडी दिली, "हरणमाळ पाहायचाय? पाठमोरे या!"

हजार माणसं पाठमोरी आली. सोनार आला, सरदार आला, मेंढरं घरी ठेवून धनगरही आला. वाटेवरून चालताना धुरपदाने त्यांना बोटाने खाली दाखवलं. खड्यांमध्ये खड्यासारखीच चार अंडी होती.

"अगं बाई," सोनाराची बायको हळूच म्हणाली, "आम्ही इथेच फुगड्या घालायचो."

कुणी काही सांगितलं नव्हतं, पण परत फिरताना प्रत्येकाने घाणेरीचं एकेक झुडूप मुळासकट उपटलं, टोपलीभर गाळ उपसला. अंडं एकही फुटलं नाही. हजार माणसं ज्या जागेतून गेली, तिथे कुंपणाला खिंडार पडलं.

चैत्र लागला. अंडी जागेवर राहतात, पिलं राहत नाहीत. ती माळभर धावू लागली. धुरपदाने खिंडारात एक बांबू आडवा टाकला आणि म्हणाली, "श्रावणापर्यंत बंद." बांबू कंबरेइतका. लहान मूलही खालून गेलं असतं. पण ज्यांनी अंडी पाहिली होती, ते येत, बांबूवर कोपर टेकून लांबूनच पाहत, आणि घरी जात.

मग एके सकाळी तुताऱ्या वाजल्या. घोड्यावर राजा मेघकेतू, मागे सात देशांचे पाहुणे, मागे हत्ती.

"बांबू काढ."

"श्रावणात या, महाराज. आता पिलं आहेत."

"हे रान माझं आहे."

"म्हणूनच. पाहुण्याला एखादा नियम माफ असतो, महाराज. मालकाला नसतो."

सेनापतीने तलवार उपसली. धुरपदाने बांबू घट्ट धरला. आपली बोटं काट्यासारखी टोकदार होताहेत, हे तिला दिसत होतं. बांबूमागून टिटवी किंचाळली. राजाने खाली पाहिलं. गवतात कापसाच्या बोंडाएवढं पिलू अंग चोरून बसलं होतं, घोड्याच्या टापांपासून चार हातांवर.

राजा घोड्यावरून उतरला आणि सेनापतीला म्हणाला, "म्यान कर. हत्ती मागे घ्या." आणि धुरपदाला म्हणाला, "बाई, मी माळ बंद करायला मांत्रिक आणला. तुला विचारायला हवं होतं."

एवढं बोलणं झालं आणि कुंपणाचे काटे सरसर गळाले. भर चैत्रात बोरी लालभडक बोरांनी लगडल्या. सात देशांच्या पाहुण्यांनी बोरं खाल्ली आणि बिया खिशात घातल्या. धुरपदाची बोटं पुन्हा बोटं झाली.

श्रावणात राजा आला, पायी. रांगेत त्याच्या पुढे धनगर होता, मागे सोनाराची बायको. तळ्याच्या वळणावर उशिरा जन्मलेलं एक पिलू वाटेवर आलं आणि मधोमध थांबून खडे टोचू लागलं. धनगर थांबला. राजा थांबला. मागची सगळी रांग थांबली. पिलाला घाई नव्हती.

पिलू गवतात गेलं, राजा पुढे गेला. माळाचं सुख तुम्हाला, बोरींची सावली आम्हाला.