पाच नावांची गल्ली

बेलमॉर शहरात रेल्वेच्या रुळांच्या खालच्या अंगाला बावीस घरांची एक गल्ली आहे. प्रत्येक दारावर घराचं नाव, तेही झाडाचं: मेपल, सीडर, लॉरेल, हॉली, एल्म, पुन्हा मेपल, पुन्हा सीडर. झाड मात्र एकही नाही. वस्तीतले म्हातारे त्याचं कारण पाहुण्यांना सांगतात ते असं.

ही काळ्यांची वस्ती. याच रस्त्याचा रुळांच्या वरचा अर्धा भाग गोऱ्यांचा. काळ्यांशी रस्त्याचं नाव वाटून घेणं गोऱ्यांना अपमानाचं वाटे, म्हणून नगरपालिकेने खालच्या भागाला वेगळं नाव दिलं. ते रुळलं, की शहरात गोऱ्यांची नवी वसाहत उभी राही आणि तिला नेमकं तेच नाव आवडे; मग गल्लीला पुन्हा दुसरं. अकरा वर्षांत पाच नावं झाली म्हणे. पोस्टमननेही हात टेकले.

तिथे लव्हिनिया नावाची बाई लोकांचे कपडे धुऊन पोट भरत असे. एकदा रेल्वेतल्या हमालाने तिला निरोप आणला. "मावशी, तुमच्या धाकट्या बहिणीची तीन पत्रं 'अशी गल्ली नाही' म्हणून परत गेली. शनिवारी ती स्वतःच येतेय. घर सापडलं नाही, तर ताईला मी नकोय असं समजून कायमची परत जाईन, म्हणाली."

"पत्ता कुठला आहे तिच्याकडे?"

"ते विचारायचं राहिलं."

कुठली गाडी, तेही त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. लव्हिनियाने कपाळावर हात मारला.

तिने कोपऱ्यावर पाचही नावांची फळी ठोकली. पोलीस शिपायाने ती उपटली. रस्त्याला नाव देण्याचा हक्क नगरपालिकेचा. तेव्हा बाईने शपथ घेतली, की बहीण दारात येईपर्यंत ब्रश खाली ठेवणार नाही, आणि गल्लीतल्या दारादारावर त्या पाचांतलं एकेक नाव रंगवत सुटली. शिपाई पुन्हा आला.

"हे काय?"

"घराचं नाव, साहेब. माझ्या घराचं मी ठेवलंय."

"आणि बाकीच्या एकवीस घरांचं?"

"त्यांनाही असंच काहीतरी सुचलं. गरीब माणसं, कल्पना कमी."

शिपायाने नियमांचं पुस्तक चाळलं. घरांच्या नावांविषयी त्यात अक्षर नव्हतं.

शनिवारी बहीण, रोझेटा, आली. तिच्या चिठ्ठीवर 'लॉरेल' होतं. गल्लीत लॉरेल निघाली चार. पहिल्या तिन्ही घरांत तिने "लव्हिनिया इथेच का?" विचारलं, आणि तिन्ही घरांनी "पुढे आहे, पण आधी चार घास खा," म्हणून तिला बसवून घेतलं. चौथ्या दारात लव्हिनिया उभी होती, हातात ब्रश, चुलीवर सकाळपासून रटरटणारा घेवडा.

"अगं, किती उशीर!"

"चार-चार लॉरेल कशाला ठेवलीस? आता घास उतरायचा नाही मला!"

दोघी आधी भांडल्या आणि मग रडल्या, असं सांगतात. क्रम उलटाही असेल.

आजही त्या गल्लीत नवं माणूस राहायला आलं, की आधी तीन घरी जेवतं आणि मगच आपल्या घराचं कुलूप उघडतं. मध्यंतरी नगरपालिकेने मोठा समारंभ करून गल्लीला सहावं नाव दिलं. ते कुणीही दारावर लावलेलं नाही.