बत्तीस होड्यांचा ठराव

नदीवर पूल बांधावा असं अजून कुणाला सुचलंच नव्हतं, तेव्हाची ही फार जुनी गोष्ट. एका रुंद नदीत एक बेट होतं आणि त्या बेटावर एक चिमुकलं राज्य होतं. तिथे राजा नव्हता, सभा होती.

या सभेची एक रीत होती. कोणताही ठराव करायचा, तर त्यात प्रत्येक बाजूचं थोडंथोडं यायलाच हवं. "आमच्या सभेत कुणी हरत नाही," असं ते लोक मोठ्या तोऱ्यात सांगत. मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, त्या तोऱ्यानं काय झालं ते ऐका.

प्रवाहाच्या खालच्या अंगाला दुसरं एक बेट होतं. दोन्ही बेटांचा जुना करार होता. एकावर संकट आलं, तर दुसऱ्यानं धावून जायचं. त्याच्याही खाली, काठावर, एका बलाढ्य राजाचा घाट होता.

एका सकाळी खालच्या बेटावरची एक नावाडीण एकटी डोंगी वल्हवत वर आली आणि ओल्या लुगड्यानं तशीच सभेत शिरली.

"राजाच्या माणसांनी आमच्या होड्या जाळल्या. माझी डोंगी तेवढी वाचली," ती म्हणाली. "काठावर त्यांचे तराफे बांधून होत आलेत. दुपारपर्यंत फौज बेटावर उतरेल. तीस होड्या द्या. पोरंबाळं आणि म्हातारी माणसं तेवढी इकडे आणू. माझी लेक तिथंच आहे हो, दोन महिन्यांचं बाळ घेऊन!"

"बसा बाई," सभापती म्हणाले. "बोलू या."

"बसू कशी?" ती म्हणाली आणि दारातच उभी राहिली.

खालच्या बेटावर इशाऱ्याचा ढोल वाजत होता. वाऱ्याबरोबर तो इथवर ऐकू येई. बोलण्यात व्यत्यय येतो म्हणून कुणीतरी उठून खिडकी लावून घेतली.

सभेत होड्या बांधणारी एक म्हातारी होती. ती म्हणाली, "यात बोलायचं काय? शब्द दिलाय. होड्या सोडा."

लगेच मिठाचा एक व्यापारी उठला. त्याचं सगळं मीठ राजाच्या बाजारात खपत असे. "राजानं दवंडी पिटली आहे, जो मदत करील तो आपला वैरी. आपण मूठभर माणसं. झेपेल का आपल्याला?" त्याची भीती खोटी नव्हती, हे मान्य करायला हवं.

मग कुणी जुना करार काढून वाचू लागलं. कुणी आजोबांच्या काळचं मासेमारीचं भांडण उकरून काढलं. ऊन चढत गेलं. नावाडीण एकदा नदीकडे बघे, एकदा आत बघे, पुन्हा नदीकडे बघे.

"आटपा हो," ती कळवळून म्हणाली.

"आटपतोच आहोत, पण रीतीनं आटपायला हवं ना?" सभापती म्हणाले. "होड्या तर नक्की देऊ. बाकीचं ठरवतोय."

होड्या देणार एवढं ऐकताच नावाडीण डोंगीकडे धावत सुटली. आपल्या माणसांना नदीकाठी गोळा करायचं होतं तिला. बाकीचं ऐकायला ती थांबलीच नाही.

आणि मग, सापही मरावा आणि काठीही मोडू नये, असा ठराव निघाला. होड्या द्यायच्या, कारण करार आहे. वल्ही द्यायची नाहीत, कारण राजा आहे. होड्या नुसत्या प्रवाहात सोडायच्या. त्या आपोआप खालच्या बेटाला लागतील. राजानं विचारलंच, तर सांगायचं की दोर सुटले आणि वाहून गेल्या.

"अहो, खाली जातील, पण माणसं घेऊन वर कशा येतील?" म्हातारी ओरडली.

"आजी, तुमच्या होड्या घेतल्या ना ठरावात?" सभापती समजुतीनं म्हणाले. "आता यांचंही थोडं घ्यायला नको?"

म्हातारीनं काही हात वर केला नाही. तेव्हा तिच्या समाधानासाठी तीस होड्यांच्या बत्तीस केल्या.

होड्या खालच्या बेटाला लागल्या, तेव्हा तराफे समोर दिसू लागले होते. वल्ही आहेत की नाहीत हे बघायला वेळ कुणाला? माणसांनी पटापट उड्या घेतल्या, लेकरं वर ओढली, होड्या पाण्यात लोटल्या. मग लोकांनी होडीतल्या फळ्या उपटून वल्हवून पाहिलं, हातांनी पाणी मारून पाहिलं. प्रवाह कुणाचं ऐकतो? होड्या गरगरत खाली गेल्या आणि एकामागून एक राजाच्या घाटाला लागल्या.

दुपार टळल्यावर नावाडीण परत आली. डोंगीत मावली तेवढी सात माणसं तिनं आणली होती. त्यांत तिची लेक नव्हती.

"मीच तिला म्हटलं, मोठ्या होडीत बस," ती सभेसमोर येऊन म्हणाली. "तुमची होडी म्हणून बसवली हो मी तिला."

कुणालाही तिच्याकडे बघवेना.

तिसऱ्या दिवशी राजाचा दूत आला. व्यापारी घाईघाईनं पुढे झाला. "त्या होड्या ना, त्यांचे दोर सुटले आणि..."

दूत हसला. "महाराज मुळीच रागावलेले नाहीत. उलट आभार मानतात. त्या बेटावरची माणसं तुम्ही आमच्या घाटावर आणून पोचवलीत. होड्याही आता आमच्याकडेच आहेत, चांगल्या बत्तीस. वल्ही आम्हालाही करता येतील, पण जोडीची असलेली बरी. उद्यापर्यंत पाठवून द्या. महाराजांना आता या बेटावर यायचं आहे."

दूत गेला. सभापतींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "निम्मीच पाठवली तर?"

म्हातारीनं जाऊन खिडकी उघडली. खालच्या बेटावर आता कसलाच आवाज नव्हता आणि मदतीला हाक मारावी असं तिथे कुणी उरलंही नव्हतं.

म्हणून पक्कं लक्षात ठेवा: सगळ्यांची मनं राखायला केलेली अर्धी मदत आधी मित्राला बुडवते आणि मग आपल्याला.