झुडपाला छत्री

“मोठ्या लेन्सशिवाय पक्ष्याचा फोटो येतो की येत नाही? एका शब्दात सांगा, बाई.”

ॲडव्होकेट रणदिवे कोर्टात साक्षीदाराला धरतात, त्याच सुरात विचारत होते. सोहोनीबाई ओसरीवर शेंगा सोलत होत्या. त्यांनी दाणे तोंडात टाकले आणि पुढची शेंग उचलली.

रणदिव्यांचं डोकं तापलं. पक्ष्यांचे फोटो शिकायला गावातले हौशी लोक या बाईंकडे येत. सगळ्यांकडे दंडाएवढ्या लेन्स. रणदिव्यांकडे कॅमेऱ्यासोबत आलेली बोटभर. फांदीवरचा पक्षी त्यांच्या फोटोत नुसता ठिपका होऊन बसे. “वकीलसाहेब, पक्ष्याला समन्स काढा, येईल जवळ,” असं वर्गातली मंडळी म्हणत.

रविवारी प्रदर्शन होतं. ज्याचा फोटो बाई पसंत करतील, त्याचाच लागणार. रणदिव्यांचा एकही पसंत झाला नव्हता. लेन्सचं विचारलं की बाई म्हणत, बसा, बघा. बसून बसून रणदिव्यांची कंबर धरली होती.

आज मात्र पुरावा हातात होता. त्यांनी कॅमेरा पुढे केला. करवंदीच्या जाळीतलं बुलबुलाचं घरटं. पिल्लं चोची वासून बसलेली. मध्ये एक पान आडवं नाही.

बाईंनी बराच वेळ पाहिलं.

“पानं कुठं गेली?”

“तोडली नाहीत. पान तोडायचं नाही, हा तुमचा नियम. मी फांद्या सुतळीनं मागे बांधल्या.” रणदिवे जरा हसले. “बांधण्याबद्दल नियमात काही नाही.”

“सोडल्या?”

“इतक्यात कशा सोडू? आई भरवतानाचा घ्यायचाय अजून. सकाळपासून विजेच्या तारेवर बसून ओरडतेय, खाली येतच नाही. भित्री आहे.”

बाई उठल्या. सूप तसंच ठेवून त्यांनी छत्री घेतली आणि घरामागची टेकडी चढू लागल्या.

एप्रिलचं ऊन. जाळीपाशी पोचल्यावर बाईंनी रणदिव्यांच्या डोक्यावरची टोपी काढली आणि उघड्या कातळाकडे बोट दाखवलं.

“बसा.”

रणदिवे बसले. कातळ तव्यासारखा तापला होता. बाईंनी छत्री उघडली, तसे ते थोडे सरकले, बाईंना शेजारी जागा करून द्यायला.

बाईंनी छत्री जाळीवर अडकवली. मग रणदिव्यांचा कॅमेरा घेऊन समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसल्या.

“बाई, ही काय थट्टा आहे?”

बाईंनी लेन्सवर फुंकर मारली.

“झुडपाला छत्री आणि माणसाला ऊन?”

रणदिव्यांनी युक्तिवाद मांडला. आपण फी भरली आहे, आपलं वय झालं आहे, आपल्याला रक्तदाब आहे. गुन्हा सांगितल्याशिवाय शिक्षा देता येत नाही, हेही सांगितलं. बाई ऐकत होत्या. घाम डोळ्यांत उतरला. शब्द कमी झाले. शेवटी नुसतं तोंड उघडं राहिलं.

खट्.

बाईंनी त्यांचा कॅमेरा आजवर कधी हातात घेतला नव्हता. त्या उठून आल्या आणि कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यासमोर धरला.

लाल चेहरा, वासलेलं तोंड. रणदिवे भडकलेच. हा असला फोटो काढायला आपल्याला इथं भाजत ठेवलं?

बाईंनी बटण दाबलं. आधीचा फोटो आला. पिल्लं. वासलेल्या चोची.

पुन्हा बटण. रणदिवे.

पुन्हा बटण. पिल्लं.

“मला वाटलं, भूक लागलीय त्यांना…” रणदिवे म्हणाले.

बाईंनी कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवला.

रणदिवे उठले. गाठ त्यांनीच घट्ट मारली होती, घामेजल्या बोटांनी सुटेना. दातांनी ओढली तेव्हा सुटली. काटे मनगटभर ओरबाडून गेले. फांद्या सळसळत जागेवर आल्या आणि घरटं दिसेनासं झालं. त्यांनी छत्री उतरवली, मिटली, आणि बाईंच्या मागोमाग कडुनिंबाखाली येऊन बसले.

तारेवरचं ओरडणं थांबलं. आई जाळीच्या टोकावर उतरली, तिनं इकडेतिकडे पाहिलं, आणि ती आत शिरली. आतून बारीक चिवचिव आली.

रणदिव्यांनी सवयीनं कॅमेरा डोळ्याला लावला. हिरवा पाला, बस्स. त्यांनी तो खाली घेतला.

“आता काहीच दिसत नाही, बाई.”

बाईंनी टोपी झटकली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली.

“हं… आता काढा फोटो.”